पाण्यात पास झालेली फळी

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. बीकर धुणं, रसायनं मोजून देणं आणि मुलांनी जर्नलमध्ये ठोकून दिलेली निरीक्षणं ओळखणं, यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, करून पाहिलंत का? घरात या सवयीला खोड म्हणतात. म्हणोत बापडे. याच खोडीनं आमच्या सासूबाई पुन्हा चालायला लागल्या, हे मी आता कुणालाही सांगते, त्यानं विचारलं नसलं तरी.

आमच्या घरातल्या टाइल्स मीच निवडलेल्या. पांढऱ्या, चकचकीत, वाकून पाहिलं तर कपाळाचं कुंकू दिसेल अशा. सासूबाई त्या टाइल्सवर सांडलेल्या तांब्याभर पाण्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, पाय चांगला आहे, आता चाललं पाहिजे. अंगणातल्या मातीवर त्या चालायच्याही, काठी घेऊन, हळूहळू. पण उंबरठा ओलांडला आणि टाइलवर पाऊल पडलं की दोन्ही हातांनी भिंत धरायच्या आणि तिथंच थिजायच्या. पुढं पुढं पलंगावरून उठणंच बंद झालं. ज्या बाईनं चाळीस वर्षं उभं राहून स्वयंपाक केला, ती पलंगावर बसून मला फोडणीत मोहरी किती घालायची ते ओरडून सांगायची. मला त्याचा राग यायचा आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची, कारण टाइल्स माझ्या होत्या.

नांदेडला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे त्यांना नेलं, तेव्हा उलगडा झाला. तिथल्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन होती. सासूबाईंनी चप्पल काढली, पायाची बोटं फळीवर दाबून पाहिली आणि भिंतीला हात न लावता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या. मी पाहतच राहिले. घरी येऊन टाइलवर पाय ठेवला, की पुन्हा भिंत.

मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत लाकडी जमीन करायची. टाइल्स उखडायच्या नाहीत, वरूनच फळ्या बसवायच्या. नवऱ्याला आधी हसू आलं. वाळवी लागेल, उन्हाळ्यात फळ्या तडकतील, लोक म्हणतील यांनी घरात नाटकाचा रंगमंच बांधला, असं त्याचं बरंच काही होतं. सासूबाईंची अट मात्र एकच होती.

"धुता आली पाहिजे. नुसतं पुसलेली फरशी म्हंजे तोंड न धुता पावडर लावल्यावानी."

ही अट सोपी नव्हती. आमच्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढायचं, गोधड्यांपासून डब्यांपर्यंत धुवायचं आणि शेवटी बादल्या ओतून जमीन धुऊन काढायची. सासूबाई त्यात पुढाऱ्यासारख्या. आणि मी काय केलं, तर नांदेडला फळ्या बघायला गेले तेव्हा दुकानदाराला हे सांगितलंच नाही. घर कसं स्वच्छ करता, असं त्यानं विचारलं आणि मी शहरी थाटात म्हणाले, ओल्या फडक्यानं पुसतो. बादल्या ओततो म्हणायची लाज वाटली. त्यानं लगेच एक सुंदर, लाल सागवानी रंगाची फळी काढली, तिच्यावर ग्लासभर पाणी ओतलं, मिनिटभर थांबून पुसलं आणि म्हणाला, बघा, वॉटरप्रूफ. मी तीच पसंत करून निघाले. परतीची बस औंढ्याच्या पुढं आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मुलांनी असा एक मिनिटाचा प्रयोग दाखवला असता तर मी जर्नल परत फेकलं असतं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. मग दुकानदारानं मला त्या लाल फळीसकट निरनिराळ्या फळ्यांचे हातभर तुकडे दिले. हिंगोलीतल्या प्लायवूडच्या दुकानातूनही मी दोन आणले. एकूण सात. प्रत्येकावर मार्करनं नंबर टाकला, कॉलेजातून मागून आणलेल्या व्हर्निअरनं जाडी मोजली, वहीत लिहिली आणि सगळे तुकडे अंगणातल्या बादलीत बुडवून वर वरवंटा ठेवला. चार दिवस. शेजारीण डोकावली आणि काय भिजत घातलंय म्हणून विचारून गेली. मी म्हणाले, जमीन.

दुसऱ्याच दिवशी ती लाल सुंदरी कडेनं फुगायला लागली. चौथ्या दिवशी तिच्या कडा चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या झाल्या होत्या. वरचा भाग तसाच चकचकीत होता, आत मात्र नुसता दाबलेला भुसा. तेव्हा मला कळलं की फळी तोंडावरून कधी बिघडत नाही, ती कडेनं आणि पोटातून बिघडते, आणि दुकानात आपण फक्त तोंड पाहतो. व्हर्निअरला फरक दाखवता आला नाही असे दोनच तुकडे उरले. एक प्लास्टिकचा, लाकडाचा नुसता रंग लावलेला. दुसरा पाच नंबरचा, वर खऱ्या सागवानाचा पातळ थर आणि खाली आडव्या-उभ्या थरांचं पाणी सोसणारं प्लाय.

मग दोन्ही तुकडे अंगणात मांडले, त्यांवर पाणी शिंपडलं आणि सासूबाईंना ओल्या पायांनी उभं केलं. मी कमरेला धरून होते. प्लास्टिकवरून त्यांनी पाय लगेच काढून घेतला. पाच नंबरवर मात्र उभ्या राहिल्या. त्याला पॉलिशची चमक नव्हती, लाकडाच्या रेषा तळव्याला लागत होत्या.

"पायाला धरते ही," त्या म्हणाल्या.

आमच्या सुतार मिस्त्रींनी मात्र शंका काढली. फळी टिकेल, पण दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी खाली गेलं तर? रास्त होतं. मग चार फळ्या सांध्यात गोंद भरून त्यांनी जुन्या टेबलावर जोडल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मी वर एक बादली ओतून काठाशी पाणी साचेल असं केलं. कॉलेजातून आल्यावर फळ्या उचलल्या. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. मिस्त्रींनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि मान डोलावली. नवऱ्यानंही पाहिला आणि त्या दिवसापासून रंगमंचाचं नाव काढलं नाही. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींना दोनदा चहा पाजला.

चार दिवसांत काम झालं. फळ्या फुगल्या तर जागा हवी म्हणून भिंतीशी बोटभर फट ठेवून, ती वरून रबरी पट्टीनं बुजवून, खाली ओल न येणारा कागद अंथरून. घर एकदम उबदार दिसायला लागलं. मी सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन उभी राहिले. त्या फळ्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, पाय दुखून राहिलाय. असा आठवडा गेला. येणारे-जाणारे जमिनीचं कौतुक करायचे आणि मी विषय बदलायचे. सात तुकडे बुडवले, सांधे तपासले, पण भीती कुठल्या बादलीत बुडवून पाहायची ते मला ठाऊक नव्हतं. चिडून मी त्यांच्याशी एक दिवस बोललेसुद्धा नाही.

तेवढ्यात दसरा काढायची वेळ आली. सामान अंगणात गेलं, गोधड्या दोरीवर चढल्या आणि मी पहिली बादली लाकडी जमिनीवर ओतली. झाडूनं पाणी ढकलायला लागले. मी ते स्वयंपाकघराच्या दाराकडे, मोरीच्या बाजूला ढकलायचं सोडून घाईघाईत कोपऱ्याकडे ढकलत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. सासूबाईंच्या आलं. पलंगावरून सूचना सुरू झाल्या. इकडून घे, कोपऱ्यात काहून नेऊन राहिलीस, असं नसतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, रुसवा होताच. मग सूचना थांबल्या.

मला वाटलं, थकल्या. वळून पाहिलं तर त्या माझ्यामागं उभ्या होत्या. पदर खोचलेला, काठी पलंगाशीच राहिलेली, पाय ओल्या फळ्यांवर घट्ट. त्यांनी माझ्या हातातून झाडू ओढून घेतला, मला कोपरानं बाजूला केलं आणि पाणी दाराकडे लोटायला सुरुवात केली. भिंतीशी त्यांचं काहीही काम नव्हतं. एक पाऊल, दुसरं, मग मी मोजणं सोडून दिलं. पाणी लोटत लोटत त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या. मी जागच्या जागी रडत उभी होते.

"काहून बघून राहिलीस?" त्या म्हणाल्या. "दुसरी बादली आण."