नंबर आल्याशिवाय गाडी नाही

मंगळवारी सकाळी सात वाजता बाबांनी फोन उचलला नाही. सव्वासातला मी पुन्हा लावला. आठला फोन ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवला आणि चाचणीला बसले. दुपारी एक वाजता फोन हातात घेतला तेव्हा आदिलाबादहून शेजारच्या काकूंचे अकरा कॉल येऊन गेले होते. बाबा पहाटेच गेले, असे डॉक्टरांनी सांगितले.

चाचणी कशाची होती ते सांगायला हवे, कारण तिच्यातला एक भाग बाबांचा होता.

मी हैदराबादेत एका कंपनीत सैन्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. पुढे बसलेल्या निरीक्षकाला शत्रू दिसतो आणि तो तोफांचा मारा मागतो. तोफा मैलोगणती मागे असतात, त्यांना काहीच दिसत नाही. ती मागणी तोफांपर्यंत पोचण्याआधी वाटेतल्या पाच-सहा टेबलांवरून जाते. शेजारची पलटण, हेलिकॉप्टरवाले, गस्तीवर माणसे पाठवणारे, अशा प्रत्येकाने पाहायचे, की त्या जागी आपले कोणी नाही ना. ही सगळी विचारपूस पडद्यावर आणण्याचे काम आमचे. कामाला लागले तेव्हा वाटले होते, यात वारा, अंतर, कोन यांचे गणित असेल. ते आहे, पण थोडे. बाकी सगळा पसारा तोफ कधी डागायची नाही याचाच आहे. याचे मला इतके नवल वाटले, की नकाशावरच्या त्या बंदीच्या रेषांबद्दल मिळेल ते मी वाचत बसे.

त्यात एक नियम होता. ठरलेल्या सेकंदांत एखाद्या टेबलाने हरकत घेतली नाही, तर पडद्यावरचा त्याचा चौकोन हिरवा करायचा, म्हणजे होकार धरायचा. वायरलेसवर सगळे ऐकतच असतात. ज्याला हरकत असेल तो बोलेल, बाकीचे गप्प राहतील. प्रोग्राममध्ये तो नियम मीच लिहिला होता, मोजून चार ओळींत. मला तो आवडलाही होता. मी स्वतः कमी बोलणारी.

एका सुट्टीत घरी गेले होते. बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. ते रेल्वेत गेटमन होते; आदिलाबादच्या लाइनवरच्या एका फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. ऑफिसचे फार काही सांगता येत नाही, पण एवढे कुठल्याही पुस्तकात सापडते, म्हणून मी त्यांना तो नियम सांगितला.

"आन तो बोललाच नाई त?" त्यांनी विचारले.

"नाही बोलला म्हणजे त्याची हरकत नाही."

"काऊन? त्याचा फोनच मेला असन त?"

मी एक शेंग उचलून सोलू लागले.

"हे पाय, आता तू गप हायस. म्हंजे तुले पटलं काय?"

"नाही."

"मंग?"

मग त्यांनी मला फाटकाची रीत सांगितली. त्या फाटकाजवळच माझे बालपण गेले, पण ती मी कधी विचारली नव्हती. गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर फोन करतो. गेटमन फाटक लावतो आणि परत फोनवर येऊन एक आकडा सांगतो. त्याच्याकडे उलटसुलट आकड्यांचा एक कागद असतो. पुढचा आकडा सांगायचा आणि तिथल्या तिथे खोडायचा. मास्तर तो आपल्या वहीत लिहितो आणि आपलाही एक आकडा देतो. नंबर आल्याशिवाय गाडी नाही.

"पण आकडा कशाला? नुसतं हो म्हटलं तर?"

"हो त झोपेतबी म्हनता येते वं माय. तुही आई म्हने, पंखा बंद करा. मी म्हनो, हो. पंखा चालूच! नंबर द्याचा म्हंजे उठा लागते, चष्मा लावा लागते, कागद पाहा लागते."

परत गेल्यावर मी ही गोष्ट आमच्या सल्लागारांपुढे मांडली. ते तोफखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमच्या वडिलांची गाडी थांबली तर प्रवासी चिडतात," ते म्हणाले. "माझी माणसं मारा मागतात तेव्हा त्यांच्यावर गोळ्या पडत असतात. मागे कोणीतरी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी थांबायचं?"

त्यांचेही खरे होते. नियम कोणाच्या आळसातून आलेला नव्हता. मी बाबांना फोनवर सांगितले तर तेही विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला.

"साहेब बरोबर हाय. आमचाबी फोन बंद पडे, तवा गाडी काई जनमभर थांबत नसे. मास्तर आपल्या सहीनं ड्रायव्हरले कागद दे. गेटवर थांब, शिट्टी मार, सोता पाय, मंग जाय. पन गेट बंद हाय असं त्या कागदावर कोनी लिवत नसे. मालूम नाई, असं लिवत."

राखाडी रंग असा आला. एखाद्या टेबलाचा वायरलेस सेट जिवंत असल्याची खूण अलीकडे आलेली नसेल, तर त्याचे गप्प राहणे होकार धरायचे नाही. चौकोन हिरवाही नाही, लालही नाही, राखाडी. घाई असेल तर कमांडरने राखाडीवरूनही पुढे जावे, पण ते स्वतःच्या हाताने, आणि तशी नोंद राहील. सल्लागारांनी ते दोनदा वाचले. "चालेल," म्हणाले.

त्याच सुमारास बाबांना छातीचा त्रास सुरू झाला होता. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. मी रोज सकाळी सातला फोन करून विचारी, बरं आहे ना? ते म्हणत, हो हो.

"बाबा, हे पंख्यासारखं हो आहे," मी एकदा म्हणाले.

ते खूप हसले. त्या दिवशी त्यांनी वहीच्या पानावर शंभर आकडे उलटसुलट लिहून काढले. "तूबी कर तुहा कागद," म्हणाले. "एकाच बाजूचा नंबर आमच्यात चालत नाई." तेव्हापासून रोज सातला मी त्यांचा आकडा लिहून घेई आणि ते माझा.

"दोन-सात. लिव."

"लिहिला. माझा नऊ-चार."

"जेवून जाशीन ऑफिसात. तसंच पयत सुटू नको."

पहिला कागद संपला, त्यांनी दुसरा केला.

त्या मंगळवारच्या चाचणीत एका टेबलाचा सेट मुद्दाम बंद ठेवला होता. कोणता, ते आम्हाला माहीत नव्हते. सेकंद संपले आणि तिसरा चौकोन राखाडी झाला. सल्लागारांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला आनंद झाला. बाबा फिरायला गेले असतील, असे मी सकाळीच धरून टाकले होते.

पुण्यानुमोदन झाले, पाहुणे गेले, तेव्हा मी त्यांचे कागद पाहिले. आकड्यांच्या पानावर सोमवारचा आकडा खोडलेला होता. वहीत माझे आकडे तारीखवार होते. चार ठिकाणी आकडा नव्हता. कामाच्या गडबडीत मी फोन विसरले आणि त्यांचाही उचलला नाही, ते दिवस. चारही ठिकाणी त्यांच्या अक्षरात लिहिले होते, "सात वाजून बारा. उत्तर नाही. मालकीणबाईंना विचारले. बरी आहे."

मी हैदराबादला घरमालकीणबाईंना फोन लावला.

"हो, तुझे नान्ना करायचे फोन," त्या म्हणाल्या. "पोरगी चिडेल, सांगू नका म्हणायचे. मी जिना चढून दाराबाहेर तुझ्या चपला आहेत का पाहायची. नसल्या तर वॉचमनला विचारायची, बाहेर पडताना दिसली का. मग त्यांना सांगायची."

त्या मंगळवारी मी काकूंना फोन केला नव्हता. केला असता तरी काही बदलले नसते. तसे डॉक्टरही म्हणाले. पण माझ्या पडद्यावर ते दुपारी एकपर्यंत हिरवे होते, आणि त्यांच्या वहीत मी एकदाही, उत्तर न देता, हिरवी झाले नव्हते.

आमच्या नियमातले सेकंद कसे ठरले, ते मला माहीत आहे. त्यासाठी बैठका झाल्या होत्या. बाबांनी बारा मिनिटे कशावरून ठरवली, हे मला विचारायचे होते. फाटकावर गाडीला तेवढा वेळ लागत असेल का, की मी अंघोळीत असेन असा हिशेब असेल? मी वही दोनदा चाळली. त्याबद्दल कुठे काही लिहिलेले नाही.

राखाडी चौकोन आता प्रोग्राममध्ये कायम झाला आहे. बाबांच्या दुसऱ्या कागदावर तेवीस आकडे खोडायचे राहिले आहेत.