बोहाड्यानंतरची साखळी

सोमा कड्याच्या दिशेने चालला होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

मी जव्हार संस्थानात मोजणीदार होतो. सूर्यमाळच्या बाजूची एक हद्द मोजायची होती. मोजणीची साखळी लोखंडी, सहासष्ट फुटांची. पुढचा गडी ती ओढत नेतो आणि जिथे संपेल तिथे जमिनीत खिळा ठोकतो. मागचा गडी तो खिळा उपटून घेतो. मागच्याकडे जितके खिळे, तितक्या साखळ्या झाल्या. मी मागून हाताने खुणा करून पुढच्याला रेषेत ठेवायचं.

पुढे सोमा, मागे त्याचा चुलता लखमा. सकाळपासून दर साखळीला सोमा डावीकडे सरकत होता. मी उजवीकडे खूण केली की यायचा. पुन्हा डावीकडेच. डावीकडे कडा होता. त्याची मानही डावीकडे कललेली, आणि एक हात कानाशी, काहीतरी धरल्यासारखा. हातात तर काहीच नव्हतं.

"सायेब, आज नको," लखमा हळूच म्हणाला. "त्याचा सोंग अजून उतरला नाय."

आदल्या तीन रात्री गावात बोहाडा झाला होता. त्यात एकेक घर पिढीजात एकेका देवाचं किंवा राक्षसाचं सोंग नाचवतं. सोमाच्या घराकडे रावण. भलामोठा लाकडी मुखवटा एका हाताने सावरत तो पहाटेपर्यंत नाचायचा. सोंग घेतलेल्याने पुढचे दोन दिवस कड्याजवळ, विहिरीजवळ जायचं नाही, अशी त्यांच्या पाड्याची रीत.

मी हे त्या सकाळी निघतानाच माझ्या वरच्या साहेबांच्या कानावर घातलं होतं.

"बोहाडा संपला ना?"

"संपला, साहेब."

"मग उचला साखळी. नकाशा परवा हवा."

लखमाचं ऐकून मी सोमाला हाक मारली. "दमलास का रे?"

"नाय सायेब. बरा हाय मी."

मला तेच ऐकायचं होतं. काम पुढे चालू केलं, याची लाज मला आजही वाटते.

पुढच्याच साखळीला त्याने वळून माझी खूण पाहिली, मान डोलावली आणि शांतपणे डावीकडे पाऊल टाकलं. खाली जमीन नव्हती.

साखळीला हिसका बसला. लखमा पाय रोवून खाली बसला, मीही साखळी धरून मागे रेललो. तीन रात्रींच्या नाचानंतर बोटं आवळेनात म्हणून सोमाने साखळीची कडी मनगटात अडकवली होती. नियमाविरुद्ध होतं ते. मनगट मोडलं, पण माणूस वर आला.

"तुमचा हात दिसत होता, सायेब," तो धापा टाकत म्हणाला. "पण ढोल वाजं तिकडं पाय जात होता."

"कंचा ढोल?" लखमाने विचारलं. "इथं वाराबी नाय."

ढोल मलाही ऐकू येत होता, सकाळपासून. तिन्ही रात्री मीही जागून बोहाडा पाहिला होता. मोजणीची वही, फील्डबुक, उघडली. माझ्या अक्षरात अकरा साखळ्या लिहिल्या होत्या. लखमाच्या हातात खिळे आठ. न मोजलेल्या तीन साखळ्यांच्या बाजूच्या झाडादगडांची अंतरंही मी अगदी इंचापर्यंत भरून ठेवली होती.

पानावर काट मारली आणि सोमाला डोलीत घालून खाली नेलं. त्याचं मनगट वाकडंच जुळलं. नकाशा आठवडाभर उशिरा गेला आणि साहेबांनी मला कचेरीत उभं करून झापलं.

दमलेल्या माणसाला तो दमलाय का, हे विचारून उपयोग नसतो. आणि विचारणाराही रात्रीचा जागलेला असेल, तर उत्तर तपासणारं तिथे कोणीच उरत नाही.