कापायला माणूस हवंय

माझे मामा कोट शिवतात. कोट सुरेख शिवतात, पण तोंडाने त्यांनी आयुष्यात कुणाचं कौतुक केलेलं नाही. काम नापसंत पडलं तर बोलून बोलून जीव नकोसा करतात. पसंत पडलं तर फक्त "हं" म्हणतात. मी त्यांच्याकडे काजं-बटणं करते, आणि माझ्या वाट्याला आलेले "हं" बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

गेल्या वर्षी मामांचा हात थरथरायला लागला. शिवताना मशीन सांभाळून घेतं, पण कापड एकदा चुकीचं कापलं की संपलं. कापायला माणूस मिळालं नाही तर दुकानाला कुलूप, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. बरेच जण येऊन गेले. मग एक बाई आल्या. चौकड्याचं कापड त्यांनी असं कापलं की शिवून झाल्यावर खिशाची रेघ कोटाच्या रेघेला तंतोतंत मिळाली. मामांनी कोट उलटसुलट करून पाहिला, "हं" म्हणाले आणि चहाला निघून गेले. बाई बिचाऱ्या आपली कात्री गुंडाळून घरी गेल्या.

आठवडा झाला तरी बाईंचा पत्ता नाही. मग कानावर आलं, चौकातल्या मोठ्या दुकानाने त्यांना बोलावलंय. मामा हिरमुसले. "एवढी पसंत केली, तरी आली नाही!"

मामींचा पारा चढला. "पसंत केलीत ती तुमच्या पोटात! तिला सांगितलंत का? उठा, आत्ताच्या आत्ता जा."

मला सोबत घेऊन मामा बाईंच्या घरी गेले. जिने चढून दम लागलेला, तशात दारातच म्हणाले, "तुमच्यासारखा हात मी आजवर पाहिला नाही. याल का?"

मी चक्कर येऊन पडायचीच बाकी होते.

बाईही गोंधळल्या. "मला वाटलं, तुम्हाला काम आवडलं नाही. मोठ्या दुकानात पगार जास्त आहे. पण तिथे पडद्याआड बसून दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कापायचं. तुमच्याकडे माप मी घेणार, गिऱ्हाईकाशी मी बोलणार. चालेल?"

मामांचा चेहरा उतरला. माप दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे अर्धं दुकान देणं. कठडा धरून ते एक पायरी उतरले, परत चढले. मग म्हणाले, "चालेल. सोमवारी या."

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक आलं ते मामांचं जुनं, आणि एक नंबरचं खडूस. बाई पुढे झाल्या तरी ते खुर्चीतून हललं नाही. "मास्तर, माप तुम्हीच घ्या. नव्या माणसावर माझा भरवसा नाही."

बाईंनी मामांकडे पाहिलं. आता हे "बरं" म्हणाले की बाई संध्याकाळी मोठ्या दुकानात.

मामांनी अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, मला एक कोट हवाय. आधी माझं माप घ्या."

जन्मात त्यांनी दुसऱ्याने कापलेला कोट घातला नव्हता. बाईंनी शांतपणे छाती, बाही, पाठ मोजली, मला आकडे लिहायला सांगितले आणि जरा अडखळत म्हणाल्या, "मास्तर, तुमचा उजवा खांदा उतरलाय. त्या बाजूला थोडं भरावं लागेल."

आम्हा घरच्यांना हे ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची टाप नव्हती.

"माहितीये," मामा म्हणाले. "आजवर माझं मीच लपवत आलो. आता तुम्ही लपवा."

गिऱ्हाईक मुकाट्याने उठलं, कोट काढला आणि मामांच्या मागे येऊन उभं राहिलं.