फिन्टनचा हात आणि शिंगराचा गुडघा

"बायकांच्या पोटावर फिरवायचं यंत्र तू माझ्या शिंगराच्या गुडघ्यावर फिरवणार?"

"तुझ्या नाही, माझ्या," ब्रिडी म्हणाली. "आणि आवाज खाली. घोडी बिचकतेय."

"यंत्राला बिचकतेय. तिला तरी अक्कल आहे!"

फिन्टन टूही पागेच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. घोड्यांबद्दल शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असे पुरुष आयर्लंडच्या टिपररीत पैशाला पासरी मिळतात, आणि त्यातला एक ब्रिडीच्या वाट्याला भाऊ म्हणून आला होता. बाप गेला तेव्हा घर न्‌ जमीन फिन्टनला मिळाली. ब्रिडीला एक म्हातारी घोडी, कारण ती कुणालाच नको होती. त्या घोडीच्या लेकी-नातींवर टूहींचं नाव झालं. शेण उपसलं ब्रिडीनं, शिंगरं जगवली ब्रिडीनं. नोव्हेंबरच्या घोडेबाजारात ती मिरवायला मात्र नव्या टोपीतला फिन्टन. वर्तमानपत्रातल्या फोटोत तो, शिंगरू, आणि कडेला ब्रिडीची एक बाही.

त्याची विद्या दोनच गोष्टींत होती. एक, शिंगराला ओट चारून चारून पाच महिन्यांत पहिलवान करायचं. दुसरी, डोळे मिटून त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवायचा, पाद्री आशीर्वाद देतो तसा.

आताही त्यानं फिरवला. "सूज नाही, गरम नाही. घरी जा पोरी," तो यंत्र घेऊन आलेल्या घोड्यांच्या डॉक्टरला म्हणाला.

डॉक्टर केलेहरनं ते ऐकलंच नाही. गुंगी दिलेल्या शिंगराच्या मागच्या गुडघ्यावरचे केस तिनं स्पिरिटनं भिजवले आणि सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं.

"ब्रिडी, पडद्यावर बघा. ही काळी पट्टी म्हणजे कूर्चा. खालची पांढरी रेघ, ते हाड. इथपर्यंत रेघ सलग आहे ना? आणि इथे?"

"खड्डा पडलाय."

"आणि वरची पट्टी जाड झालीय. सांध्याचा आजार सुरू होतोय."

"टीव्हीवर काय, काहीही दिसतं," फिन्टन म्हणाला. "एक्स-रे काढ. गिऱ्हाईक एक्स-रे मागतं."

"एक्स-रेत इतक्यात काही दिसणार नाही. तिथे अजून कूर्चाच जास्त आहे, हाड कमी."

"दिसणार नाही?" फिन्टनचा चेहरा एकदम उजळला. "मग झालं की! नोव्हेंबरात विकून टाकू. पुढे गिऱ्हाइकाचं नशीब!"

क्षणापूर्वी त्याचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. आता इतका बसला होता, की आजार उघडा पडायच्या आत त्याला शिंगरू खपवायचं होतं. ब्रिडीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन वर्षांपूर्वी विकलेलं तांबडं शिंगरू तीन पायांवर उभं राहतंय, असं सांगायला ते घेणाऱ्या बाईचा फोन आला होता. 'लोकांना सांभाळता येत नाही,' म्हणून फिन्टननं तो ठेवून दिला होता. ब्रिडीला तेव्हा ते पटलं होतं.

"बरं होईल?" तिनं डॉक्टरला विचारलं.

"या वयात बहुतेकदा भरून येतं. ओट बंद. छोट्या कुंपणात ठेवा, पळू देऊ नका. दोन महिन्यांनी मी परत बघते. खुराक आणि पळापळ चालूच राहिली तर कूर्चेचा तुकडा सुटेल, मग कायमचं लंगडेल."

"ओट बंद?" फिन्टन ओरडला. "बाजारात बकरी न्यायची का मी?"

"यंदा नेऊच नका."

"तू मधे बोलू नकोस! ब्रिडी, अख्ख्या गावाला सांगून बसलोय मी, यंदाचं शिंगरू बघाच म्हणून. परवा पबमधे मर्फीनं पैज लावली माझ्याशी. तोंड कुठे लपवू? आणि एवढा चारा-खुराक घातला, तो काय शोभेला? तुला तरी कुठे कळतंय त्या पडद्यावरचं? बोल की! विकायचंय ना?"

ब्रिडीनं खुंट्याला बांधलेला घोडीचा दोर सोडला. वाटेत उभ्या फिन्टनला खांद्यानं बाजूला सारलं आणि ती घोडीला घेऊन घरामागच्या छोट्या कुंपणाकडे चालू लागली. गुंगीतलं शिंगरू झोकांड्या खात आईच्या मागे निघालं.

"ब्रिडी! अगं, मी काय विचारतोय?"