लेह ते पोर्ट ब्लेअर

"सरळ विमान असतं ना, तर चार तास!" असं म्हणून आमच्या शेजारचे काका चार बोटं वर करत. नवीन पनवेलच्या सोसायटीत नव्याने आलेल्यांना वाटायचं, हे कुठल्या तरी सहलीबद्दल बोलताहेत.

ते बोलत मुलांबद्दल. मुलगा लेहला रस्त्यांच्या कामावर इंजिनीअर, मुलगी पोर्ट ब्लेअरला शिक्षिका. एकदा त्यांनी मला मोबाइलवर अंतर बघायला लावलं. तीन हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चारेक तासांचं उड्डाण. पण तसं विमानच नाही. दिल्लीला बदला, कोलकात्याला बदला, मध्ये कुठे तरी रात्र काढा.

"म्हणजे लांब नाहीत हो ती दोघं," काका म्हणाले. "विमान नाही, एवढंच."

दुराव्याचं खरं कारण आमच्या अख्ख्या मजल्याला माहीत होतं. काकू गेल्या तेव्हा मुलगी कोलकात्यात अडकली होती. जमलेली माणसं घाई करत होती, म्हणून मुलाने अंत्यसंस्कार उरकले. ती संध्याकाळी दारात पोचली. "माझ्यासाठी थांबता नाही आलं, दादा?" एवढंच म्हणाली. त्यानंतर भावंडं बोलली नाहीत.

काकांना मात्र दोघांचेही फोन येत. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. याचं त्याला सांगताना पदरची साखर घालणारी. "दादा तुझी चौकशी करत होता हो," ते लेकीला सांगत. दादाने काही चौकशी केलेली नसे. मी शेजारीच बसलेला असायचो.

जवळच, गव्हाणच्या बाजूला नवं विमानतळ सुरू झालं, तेव्हा काका हरखून गेले. "आता दोघंही दारात उतरतील. पाडव्याला एकदमच बोलावतो." त्यांनी दोन गाद्या उन्हात घातल्या. दोघांनीही रजा नसल्याचं कळवलं. गाद्या संध्याकाळी मीच आत आणून दिल्या. काका म्हणाले, "राहू देत बाहेरच्या खोलीत. मे महिन्यात येतील."

पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत काका झोपेतच गेले.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. लेहला हवा बिघडली होती, मुलाचं विमान रद्द झालं. माणसं पुन्हा घाई करू लागली. कुणी तरी म्हणालं, "किती वेळ ठेवायचं?" ती उंबऱ्यातच बसली.

"दादा आल्याशिवाय बाबांना कुणी हलवायचं नाही."

तो आला तो त्याच्याही दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. पनवेलच्या उकाड्यात अंगात जाड लोकरी जॅकेट तसंच. दारात थबकला. आत यावं की नाही, हे त्याला कळेना. ती उठली, त्याच्या हातातली बॅग घेतली.

"खाल्लंस का रे काही?"

तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि शेजारीच, बर्फाच्या पेटीत, काचेखाली काका डोळे मिटून पडले होते.