बिनगळाचे पाच दिवस

झाकण दोन बोटांनी उचलायचे, नाक बादलीच्या काठापाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि वैद्याच्या गांभीर्याने सांगायचे, "अजून एक दिवस लागेल." आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची सकाळ अशी सुरू होई, आणि त्याच क्षणी माझा चहा घशाशी येई.

वाचकहो, तऱ्हेवाईक शेजारी तुम्हीही पाहिले असतील. परंतु ही बादली तुम्ही पाहिलेली नाही. शिळा पाव, शेंगदाण्याची पेंड आणि मासळी बाजारातून मागून आणलेली माशांची आतडी हाताने कालवून ते ती गॅलरीत, म्हणजे माझ्या डोक्यावर, उन्हात ठेवीत. वर करडा फेस येई. त्यावर बसलेल्या हिरव्या माश्या तिथून उठून थेट माझ्या ताटावर येत. तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. तुंबलेली गटारे, विहिरीत पडलेली जनावरे, सर्व काही माझ्या लेखणीखालून गेले आहे. त्यापैकी कशानेही माझे जेवण सुटले नव्हते.

काका मूळचे कोकणातल्या खाडीकाठचे. अंबडच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला दिलेली, मुलगा दिवसभर कामावर. लहानपणी काठावर बसून बोय हा खाडीतला मासा पकडायला शिकले, ती विद्या त्यांनी इथे नदीवर चालवली होती. गोदावरीत बोय नाही. मिळे ती चिलापी. तिलाही ते बोयच म्हणत.

"काका, ही बोय कशी?" मी एकदा विचारले.

"तोंड बघा की. एवढंसं, लाजरं. बोयीसारखंच चोखून खातं."

गंगापूर रोडमागच्या आमच्या सोसायटीचे मागचे फाटक नदीकडे उघडते. काकांचा एक गुडघा वळत नसल्याने तेवढी एकच वाट त्यांना झेपे. एका संध्याकाळी मी मुद्दाम मागोमाग गेलो. त्यांनी बादलीत कोपरापर्यंत हात घातला, लगदा पिळला आणि पाण्यात सोडला. रस मनगटावरून ओघळत होता. गळ मात्र टाकला नाही.

"आज नाही?"

"आज कसा? पाच दिवस नुसतं खाऊ घालायचं. जागा ओळखीची झाली पाहिजे त्यांना. सहाव्या दिवशी गळ. एक बोय आली की उठायचं."

एवढे बोलून त्यांनी तोच हात पँटला पुसला आणि त्याच हाताने मला बिस्किट दिले. मी ते खिशात ठेवले. घरी येऊन खिसा दोनदा धुतला.

पुढे सोसायटीचे चेअरमन माझ्याकडे आले. "भाऊ, म्हाताऱ्याला नोटीस द्यायचीय. लय झालं आता. अशी लिहा की वाचूनच घाम फुटला पाहिजे." मी लिहिली. 'सडलेल्या व दुर्गंधीयुक्त पदार्थांचा साठा करून रहिवाशांच्या आरोग्यास धोका निर्माण केल्याबद्दल मागचे फाटक कायमचे बंद का करण्यात येऊ नये', असा तिचा आशय होता. प्रत्येक शब्द मनापासून उतरला होता.

तिसऱ्या दिवशी तीच नोटीस घेऊन काका माझ्या टेबलाशी उभे राहिले. खुलासा लिहून हवा होता. आमच्या धंद्यात दोन्ही बाजूंचे कागद एकाच हाताने लिहिले जातात, त्यात गैर काही नाही. परंतु त्यांनी पुरावा म्हणून बादली आणली होती.

"बघा तरी, खाण्याशिवाय यात काही नाही," म्हणत त्यांनी झाकण काढले आणि चिमूटभर लगदा स्वतःच्या जिभेवर ठेवला. शेजारचा स्टॅम्पविक्रेता खुर्चीसकट मागे सरकला. मी रुमाल नाकावर दाबला.

"एवढं नक्की लिहा," काका सांगत होते, "की पाच दिवस मी गळ टाकत नाही. सहाव्या दिवशी एकच मासा घेतो आणि घरी जातो."

"लिहितो, लिहितो. आधी ते बंद करा."

माझ्या तोंडाला पाणी सुटले होते, ओकारी येण्याआधी सुटते तसे. मी 'यापुढे योग्य ती खबरदारी घेण्यात येईल' एवढ्यावर मजकूर संपवला आणि कागद पुढे सरकवला.

"वाचून दाखवू?"

"कशाला? तुम्ही लिहिलंत ना." त्यांनी सही केली. कागदावर अंगठ्याचा तेलकट डाग पडला. तोही मला सहन झाला नाही.

पंधरवड्यात फाटकाला कुलूप लागले. चेअरमन जिन्यात म्हणाले, "पोतंभर मासे काढून विकतो म्हातारा, असं सगळ्यांना वाटलं. नुसत्या वासासाठी कुलूप कोण लावतं, भाऊ?"



त्यानंतर काका मुलीकडे पुण्याला निघाले. निघण्यापूर्वी टेबलाशी आले. इस्त्रीचा शर्ट, हाताला साबणाचा वास. "त्या खुलाशाची प्रत आहे का? मुलीला दाखवीन म्हणतो."

मी फाइलमधून काढून दिली. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवीत ते उभ्यानेच वाचू लागले. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेले, थांबले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले. मग त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"बरं," ते म्हणाले, आणि कागदाची नीट चौघडी करून खिशात ठेवली.