आक्काची फाइल आणि सरांचं बटण

सर्व्हरखोलीतले किस्से एसीच्या जाळीवरच्या धुळीसारखे. एकावर फुंकर मारली की धा उडतात! मी चौथी शिकलेला शिपाई. निपाणीच्या आमच्या कॉलेजात या खोलीचं दार उघडायचं काम माझं. आत गारवा, मशीनची घूंऽऽ, हिरवे दिवे लुकलुकणारे. बसल्या जागी माणूस ढगात जातो.

*

ही मशीनं आमच्या कॉलेजची ऑपरेटर आक्का सांभाळते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं हातानं टाइप. माउस खुंटीला टांगलेला!

"आक्का, हे काय गं?"

"झोपू दे त्याला."

*

मग त्याच कामावर बेळगावच्या टिळकवाडीचे संतोष सर आले. त्यांच्या पडद्यावर रंगीत बटणंच बटणं. "अण्णा, क्लिक केलं की झालं! लिहीत कोण बसतंय?"

मी त्यांच्या माउसच्या पोटाला चिकटपट्टी लावली. पडद्यावरचा बाण हलेना, सरांनी तीनदा कॉम्प्युटर बंद-चालू केला!

*

दुपारी आक्का मला तिची फाइल दाखवायची, मशीननं काय काय करायचं ते त्यात लिहिलेलं. ओळीआधी हॅशची (#) खूण टाकली की ती ओळ मशीन वाचत न्हाय, माणसं वाचतात. तिथं आक्का मराठीत लिहायची : 'खालची ओळ काढू नका. हॉस्टेलचं नेट जाईल.'

"कोण वाचतंय हे?"

"मागनं येईल तो."

वाचता वाचता वाटायचं, मशीनच झोपेत बोलतंय. मी हट्टानं माझीपण एक ओळ घालून घेतली.

*

एकदा बेळगावचे मोठे साहेब आले. "दोघांतलं एकच इथं राहणार. दुसऱ्याची बदली बेळगावला."

आक्काचा चेहरा उतरला. बोरगावात आई अंथरुणावर. दुपारच्या सुट्टीत जाऊन आक्काच तिला भरवायची.

परीक्षा सोपी : नव्या लॅबचं नाव फाइलीत घाला. आक्का चष्मा पुसेपर्यंत सरांनी बटण दाबलं. झालं! साहेब खूश.

तेवढ्यात हॉस्टेलमधनं आरडाओरडा. नेट गेलं!

बटणानं आख्खी फाइल नव्यानं लिहिलेली. आक्काच्या सगळ्या सूचना गायब, खालची ती ओळपण. सर घामाघूम.

"आक्का, आता?" मी विचारलं.

"हात लावायच्या आधी कॉपी काढते मी. रोज." तिनं एक ओळ टाइप केली, जुनी फाइल आली, लॅबचं नाव हातानं घातलं. हॉस्टेल गप्प.

साहेब वाकून पडदा वाचायला लागले. शेवटी माझी ओळ होती. त्यांनी मोठ्यानं वाचली, "दुपारी दोनला मशीनला हात लावू नये. अण्णा झोपलेला असतो."

त्यांनी घड्याळ बघितलं. दोन वाजून पाच. मी पटकन डोळे मिटले.

"मॅडम, तुम्ही इथंच राहा," साहेब कुजबुजले, "आणि हळू बोला."

मग चपला हातात घेऊन, चवड्यांवर, तिघं बाहेर गेले.